खडूचे सतरा गोल

"गाडी चालते ना? मंग झालं तं!" एवढं बोलून मामानं किल्ली माझ्या हातात ठेवली. २००७ची स्प्लेंडर प्लस. दोन वर्षं मामाच्या कोठ्यात, कापसाच्या गंजीच्या मागं उभी होती. मी बॅटरी नवीन टाकली, टाकी धुतली, कार्बोरेटर साफ करून घेतलं, आणि गाडी चौथ्या किकला सुरू झाली. मग मामाचं म्हणणं खोटं कसं म्हणणार?

आमचं गाव आर्णीपासून अठरा किलोमीटर आत. मी आर्णीत एका कृषी केंद्रात हिशेब बघतो. रोजचा रस्ता असा, की आधी दीड किलोमीटर पांधण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट, मग उखडलेलं डांबर, आणि शेवटी तो यवतमाळकडून येणारा मोठा हायवे. पांधणीवर गाडी अशी खडखडायची की आईला मी पुलावर असतानाच कळायचं, आणि ती चहा ठेवायची. आवाजाची सवय झाली होती. गाडी जुनी आहे, वाजणारच, असं घरातल्या सगळ्यांनीच धरून चाललं होतं.

एप्रिलच्या शेवटी, संध्याकाळी परत येताना पांधणीत एक गोऱ्हा आडवा आला. मागचा ब्रेक दाबला तर खालून खट्‌ असा आवाज, आणि मागचं चाक जागच्या जागी जाम. वेग बैलगाडीएवढाच होता म्हणून नुसता कलंडलो, गुडघा सोलला. उठून टॉर्च मारली तर मागच्या ब्रेकची पट्टी खाली लोंबत होती.

ही पट्टी काय असते ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. ड्रम ब्रेकमध्ये चाकाला आतून घासून ते थांबवणारे लायनर ज्या गोल पाट्यावर बसवलेले असतात, तो पाटा चाकाबरोबर फिरू नये म्हणून त्याला मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याशी बांधून ठेवणारी ही लोखंडी पट्टी. एका टोकाला बोल्ट, त्यावर नट, आणि नट सुटू नये म्हणून बोल्टाच्या भोकातून आरपार दोन पायांची स्प्लिट पिन. माझ्या बोल्टावर नट नव्हताच. पिनेच्या भोकात बांधायच्या तारेचा झिजून तुटलेला एक तुकडा तेवढा होता. पट्टी सुटली, ब्रेक लागताच पाटा चाकासोबत फिरला, त्यानं ब्रेकचा रॉड ओढून घेतला आणि चाक आवळलं गेलं. हायवेवर असतो तर हे लिहायला उरलो नसतो.

पिन कुठं गेली असेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आमच्या भागात बाभळीचा काटा महिन्यातून एकदा तरी टायरमध्ये शिरतो. मागचं चाक काढायचं तर ही पट्टी सोडावीच लागते. कोणत्या तरी पंक्चरवाल्यानं कधी तरी ती सोडली, जुनी पिन वाकून मोडली, नवीन दोन रुपयांची जवळ नव्हती, म्हणून तार घातली. त्या माणसाला मी फार दोष देत नाही. तार म्हणजे त्यानं ठेवलेली चिठ्ठी होती, 'इथं काहीतरी कमी आहे' असं सांगणारी. ती कोणी वाचली नाही, त्याला तो काय करणार? मामाही नाही, मीही नाही.

रात्री गाडी ढकलत आणली. झोपताना एकच प्रश्न डोक्यात, या गाडीत आणखी काय काय नाही?

तुटलेली वस्तू डोळ्यांसमोर असते, हातात धरून दुकानात नेता येते. नसलेली वस्तू कशी दाखवणार? आणि कुठं काय असायला हवं हेच माहीत नसेल तर नसलेलं दिसतच नाही. माझं तसंच होतं. गाडी पंधरा वर्षांपासून पाहत होतो, पण तिच्या अंगावर किती बोल्ट आहेत हे कुणी विचारलं असतं तर 'असतील वीस-पंचवीस' म्हणालो असतो.

मे महिना, वावरात काम नाही, दुपारी बाहेर पडायची सोय नाही. मी सकाळी साडेपाचला गाडी लिंबाखाली मधल्या स्टँडवर लावायचो आणि नऊला ऊन आलं की आत घ्यायचो. असे चार दिवस गेले. गावातल्या एकानं सांगितलं, आधी वॉशिंगला ने, मग बघ. तसं केलं नाही ते बरं झालं, कारण सगळी खबर त्या धुळीतच होती.

बोल्ट पडून वर्ष झालं असेल तर भोकाच्या कडेला गंज धरलेला असतो, आत माती आणि तेल मिळून काळी गोळी झालेली असते. बोल्ट अलीकडे पडला असेल तर भोकाभोवती डोक्याएवढं किंवा वायसरएवढं एक स्वच्छ कडं दिसतं, जसं भिंतीवरची तसबीर काढल्यावर मागं दिसतं तसं. आणि बोल्ट जागेवर असून सैल असेल तर त्याच्या बुडातून गंजाची लाल-तपकिरी भुकटी झिरपलेली दिसते, कारण दोन लोखंडं एकमेकांवर घासत असतात. इंजिन धरून ठेवणाऱ्या एका लांब बोल्टाशी मला ही भुकटी दिसली. वाकून पलीकडून बघितलं तर नट गायब, आणि बोल्ट हादऱ्यानं अर्धा इंच बाहेर सरकलेला. आणखी चार-सहा महिने पांधण चालली असती तर तो बोल्ट वखराच्या तासात सापडला असता.

पुतणीच्या दप्तरातला खडू घेतला. जिथं शंका, तिथं गोल. पहिल्या सकाळी अकरा झाले.

दुसऱ्या सकाळी गाडी उजवी-डावी ताडून पाहिली. शॉकअप दोन, दोन्हींच्या वरच्या टोकाला टोपीसारखा नट असायला हवा. डावीकडे होता, उजवीकडे नुसता गंजका स्टड, म्हणजे फ्रेममधून बाहेर आलेली दांडी. रोज त्याच बाजूनं पाय टाकून बसत होतो मी! डाव्या पॅनेलच्या खुंट्या ज्या रबरात बसतात ती दोन रबरं नव्हती, म्हणून तर ते पॅनेल सुतळीनं बांधलेलं. सायलेन्सर इंजिनला जिथं मिळतो तिथं दोन नटांपैकी एक होता आणि दुसऱ्या जागी पुन्हा तार. अॅक्सिलरेटर सोडला की गाडी फट्‌फट्‌ करायची ते यामुळं. मी आतापर्यंत त्याला पेट्रोलमधली भेसळ समजत होतो.

तिसऱ्या सकाळी शेजारच्या काकाजींची स्प्लेंडर मागून आणली आणि दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी लावल्या. काकाजींचा हात सोन्याचा, गाडी तेरा वर्षांची पण एक स्क्रू हललेला नाही. ते खाट टाकून बसले. मी एकेक जागा दोन्हीकडे बघत होतो, ते सुपारी कातरत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "बाबू, तू पोरगी पाहाले गेल्यासारखा पाहून राहिला."

या सकाळी गोल वाढून सतरा झाले. पण तीन पुसलेही गेले. फ्रेमच्या पुढच्या बाजूला आत आटे, म्हणजे पेच, असलेलं एक रिकामं भोक होतं, त्यासाठी मी आदल्या दिवशी बोल्ट शोधत बसलो होतो. काकाजींच्या गाडीवरही ते रिकामंच. ते जास्तीच्या सामानासाठी दिलेलं. आणखी एक भोक चिमट्याच्या खालून, ते पाणी निथळायला. त्यात बोल्ट ठोकला असता तर पावसाळ्यात पाणी आत साचून चिमटा आतून कुजला असता. म्हणून सांगतो, रिकामं भोक दिसलं की लगेच भरायला धावू नका.

चौदा उरले. आता सामान आणायचं.

पहिली चूक इथंच केली. ब्रेकच्या पट्टीचा बोल्ट आठ मिलिमीटरचा, त्याला नट हवा. आमच्या जवळच्या मोठ्या गावात हार्डवेअरचं दुकान आहे. तिथं सगळं सुतात चालतं, कारण गिऱ्हाईक वखर, डवरे आणि ट्रॉलीवाले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दुकानदारानं माझा बोल्ट बोटात फिरवून पाहिला आणि अडीच सुती नट काढून दिला. "हाच लागते, घेऊन जा." अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठला इतकं जवळ, की डोळ्याला फरक दिसणं शक्य नाही.

घरी आणून लावला. दीड आटा गेला आणि घट्ट झाला. पाना हातात होता, जोर लावायची फार इच्छा झाली. मग बाबांचं एक जुनं वाक्य आठवलं, ते पंप दुरुस्त करताना म्हणायचे, की नट आधी तीन आटे बोटानं गेला पाहिजे, पाना त्यानंतर. थांबलो, काढला, आणि पुतणीच्या कंपासमधली पट्टी बोल्टावर धरली. बोल्टाला एक सेंटिमीटरात आठ आटे. अडीच सुती बोल्टाला इंचात अठरा, म्हणजे सेंटिमीटरात सातच. दीड आट्यापर्यंत ते एकमेकांना सांभाळून घेतात, पुढं एकमेकांना खातात. जोर लावला असता तर नट बसलाही असता, 'घट्ट बसला' असं समाधानही मिळालं असतं, आणि आटे सोलून निघाले असते.

तेव्हापासून ती कंपासची पट्टी माझ्या खिशात. सहाच्या बोल्टाला सेंटिमीटरात दहा आटे, आठच्याला आठ. दहाच्या जाडीच्याला मात्र दोन जाती. शॉकअपच्या टोपी नटाला मी आर्णीत मिलिमीटरवालाच दहाचा नट मागितला, हुशारीनं. तोही अडकला. बाजारातल्या साध्या दहाच्या नटाचे आटे दीड मिलिमीटर अंतराचे, आणि या स्टडचे सव्वा मिलिमीटरचे, बारीक. तो स्टड फ्रेमलाच जोडलेला असतो. त्याचे आटे गेले की वेल्डिंगवाला, लेथवाला आणि आठ दिवसांची गाडी बंद.

हे असं का, याचं उत्तर माझ्या बारा-तेराच्या पान्यात सापडलं. आठच्या जाडीचा बोल्ट दुकानातला असेल तर त्याच्या डोक्याला तेराचं तोंड बसतं. गाडीवरच्या त्याच जाडीच्या बोल्टाला बाराचं. दहाच्या जाडीला दुकानात सोळा किंवा सतरा, गाडीवर चौदा. गाडीची घडण मुळात होंडाची, म्हणजे जपानी मापाची, आणि जपानी मापात डोकी लहान, दहाचे आटे बारीक. त्यामुळे एक सोपी खूण मिळाली. गाडीवर कुठं तेराचा किंवा सतराचा पाना बसणारा साधा बोल्ट दिसला, की तो बहुतेक कुणीतरी नंतर आणून घातलेला. असे चार सापडले. अॅक्सलचे नट वेगळे, ते मोठेच असतात.

एका रात्री मोबाइलवर गाडीचा पार्ट्स कॅटलॉग उतरवून घेतला. प्रत्येक भाग सुटा करून, ओळीनं मांडून दाखवलेली चित्रं. आधी वाटलं हे मिस्त्री लोकांचं काम. पण दोन तास बघत बसल्यावर नंबरांची गंमत कळली. साध्या बोल्टांच्या नंबरातच माप लिहिलेलं असतं. ९५७०१-०६०२०-०० म्हणजे सहा जाडीचा, वीस लांबीचा, डोक्याला कडा असलेला बोल्ट. स्प्लिट पिनेचा ९४२०१-२०१५०, म्हणजे दोन मिलिमीटर जाड, पंधरा लांब. एकदा हे वाचता आल्यावर कंपनीचा भाग नाही मिळाला तरी काय मागायचं ते कळतं. चौदा गोलांसमोर मी वहीत चौदा मापं लिहिली.

त्याच चित्रांत आणखी एक गोष्ट दिसली, जी काकाजींच्या गाडीवरही दिसली नसती, कारण ती आत असते. माझ्या टाकीचा मागचा बोल्ट जागेवर होता, पण कितीही आवळला तरी आठवड्यात सैल. चित्रात त्या बोल्टासोबत रबर आणि रबराच्या पोटात एक छोटी लोखंडी नळी दाखवलेली. आपल्याकडे तिला बुश म्हणतात. बोल्ट त्या बुशवर आवळला जातो आणि रबर मोकळं राहून हादरे खातं. बुश नसेल तर बोल्ट थेट रबर चेपत जातो, रबर चपटं होतं, बोल्ट पुन्हा सैल. मामानं तो बोल्ट किती वेळा आवळला असेल कोण जाणे.

यवतमाळला जायला एक दिवस सुट्टी टाकली. पार्टच्या काउंटरवर टोपी नट, स्प्लिट पिना, पॅनेलची रबरं, चेन कव्हरचं रबरी बूच मिळालं. बुश नाही मिळाला. "तो सुटा येत नाही," म्हणाले. मग एका मिस्त्रीकडे गेलो. त्याच्याकडे डालड्याचा एक डबा होता, त्यात वीस वर्षांच्या मेलेल्या गाड्यांचे नट-बोल्ट. मी वही काढून वाचायला लागलो तर तो हसला. "भाऊ, तुम्ही आटे मोजून आले काय?" मग त्यानं डबा पोत्यावर पालथा केला आणि म्हणाला, निवडा. दीड तास तांदळातले खडे निवडावे तसे निवडत बसलो. बुश सापडला, इंजिनचा नट सापडला, चेन कव्हरचे दोन्ही बोल्ट आणि मडगार्डचा एक. डोक्यावर ८.८ कोरलेला, म्हणजे पक्क्या पोलादाचा, बोल्ट कसा ओळखायचा तेही त्यानंच दाखवलं. बिनखुणेचा मऊ लोखंडाचा बोल्ट नंबर प्लेटला चालतो, ब्रेकला आणि इंजिनला नाही. सगळ्याचे साठ रुपये घेतले, चहा वरून पाजला.

बसवण्याचं काम तसं लवकर झालं, एक जागा सोडून. इंजिनच्या बाजूचं झाकण, म्हणजे मॅग्नेट कव्हर, त्याच्या एका भोकातले आटे आधीच कुणीतरी खाल्लेले. अॅल्युमिनियम मऊ, त्यात आधीच्या माणसानं जोर केलेला. बोल्ट नुसता गरगर फिरत होता. त्या भोकात आगपेटीची काडी घालून खोली मोजली. बोल्ट जिथं संपत होता त्याच्या पुढं सहा-सात मिलिमीटर भोक शिल्लक होतं आणि तिथले आटे कोरे, कुणाचा हात न लागलेले. पंचवीसऐवजी तीस लांबीचा बोल्ट घातला, तो आतले आटे धरून बसला. काडीनं मोजल्याशिवाय लांब बोल्ट घातला असता तर तो तळाला टेकून कव्हरच फोडता. सहाच्या बोल्टाला जोर फार लागत नाही, दहा न्यूटन मीटर म्हणजे आखूड पान्यावर मनगटाचा बेताचा जोर. आपल्याकडे घट्ट म्हणजे शिवी देईपर्यंत घट्ट, त्यातूनच असे आटे जातात.

चेन कव्हर उघडलं होतं म्हणून चेनची दोन टोकं जोडणारं लॉकही पाहिलं. होतं, पण उलटं. चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला लॉकचं बंद तोंड हवं, नाहीतर कशाला घासलं की निघून पडतं. फिरवून बसवलं. ब्रेकच्या पट्टीत नवीन स्प्लिट पिन घालून तिचे दोन्ही पाय पक्कडीनं वाकवले. आणखी सहा पिना सीटखाली कागदात गुंडाळून ठेवल्या, पुढच्या पंक्चरवाल्यासाठी.

शेवटी बहिणीची नेलपॉलिश घेतली. लाल रंगाची, तिनं कुरकुर करत दिली. आवळलेल्या नऊ नट-बोल्टांवर एकेक रेघ ओढली, अर्धी नटावर, अर्धी बाजूच्या लोखंडावर. नट हलला की रेघ तुटते, पाना लावून बघायची गरज नाही.

मृग लागायच्या आधी तीनशे किलोमीटर झाले. आईची मात्र पंचाईत झाली आहे. पुलावरून खडखड येत नाही, मी दारात उभा राहिलो तरी चहा चुलीवर नसतो. मामा एकदा येऊन गाडी हलवून गेला. "आवाजच नाई येत बे. सुरू हाय का?" एवढंच म्हणाला.

काल सकाळी खाली वाकून रेघा तपासल्या. आठ सरळ होत्या. सायलेन्सरच्या नटाची रेघ केसभर तुटलेली दिसली. दहाचा पाना आणायला आत गेलो तर आई चुलीपुढून म्हणाली, "आता आखीन काय पडलं रे तिचं?"